आईविहिरीचं शेवटचं रीळ

त्या दिवशी फरंगीस स्टुडिओत गेली ती एका म्हाताऱ्या कासवाचा आवाज द्यायला. मुलांच्या कार्टूनमधलं कासव होतं, त्याला सर्दी झालेली होती, आणि नाकातून बोलून बोलून दुपारपर्यंत तिचं डोकं भणभणलं होतं. तेहरानच्या डबिंगच्या धंद्यात तिचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, चेहरा कोणाच्याच नाही. कोल्हीण, सावत्र सासू, खाष्ट हेडमास्तरीण, परदेशी सिनेमांतल्या कामवाल्या बाया, असलं काही निघालं की फरंगीसला फोन जायचा. नायिका तिच्या वाट्याला कधी आली नाही. नायिकेचा गळा तिच्या आईचा होता, तूरानचा, आणि तो आईबरोबर गेला.

कासवाची सर्दी उरकून ती बूट चढवत होती, तेवढ्यात कामरान चहाचा ट्रे घेऊन स्वतः आला.

"एवढ्यात निघालात, खानम? एक घोट घेऊन जा ना."

कामरान हा तिथला नवा व्यवस्थापक. जुने सिनेमे धुऊनपुसून टीव्हीवर दाखवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. वयानं तिच्याहून बराच लहान, जिभेवर साखर. असा माणूस हातानं चहा आणून देतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं, एवढं कळण्याइतकी ती धंद्यात मुरली होती.

"खूशखबर आहे," तो म्हणाला. "'आईविहीर' सापडलाय. अख्खी प्रिंट, एक ओरखडा नाही."

फरंगीसनं साखरेचा खडा दातांत धरला होता, तो तसाच राहिला.

हा सिनेमा तुम्ही पाहिला नसणार. कोणीच पाहिला नाही. लढाईच्या वर्षांत कधीतरी लागला आणि आठवडा भरायच्या आत उतरला. यझ्दकडच्या वाळवंटातल्या एका गावाची गोष्ट. डोंगराचं पाणी जमिनीखालून गावात आणणारा कालवा आटतो. तिकडची जुनी माणसं मानतात की असा कालवा म्हणजे पुरुष असतो, एकटेपणानं रुसतो, मग त्याचं लग्न लावून द्यावं लागतं. गावातली एखादी विधवा बघतात, मुल्लाला बोलावून रीतसर लग्न लावतात, आणि तिनं रोज खाली उतरून त्याच्या पाण्यात अंघोळ करायची. सिनेमातल्या विधवेचं नाव माहनिसा. तिचं लग्न लागतं, तरी पाणी येत नाही. शेवटी ती कालव्याच्या उगमाजवळच्या सगळ्यात खोल विहिरीत, तिकडे आईविहीर म्हणतात तिच्यात, दोराला धरून उतरते आणि खालून गावाला हाक देते. संपला सिनेमा. गाणं नाही, मारामारी नाही, मध्ये कितीतरी वेळ ती बाई नुसती बादली घासत बसते.

आणि शेवट तर पार फजितीचा. त्या काळी आमच्याकडचे सिनेमे मुकेच चित्रित व्हायचे, आवाज मागाहून स्टुडिओत भरायचे. शेवटच्या रिळात माहनिसाचे ओठ एक बोलतात आणि कानावर दुसरंच येतं. थिएटरात माणसं पोट धरून हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, विहिरीत दुसरीच कोणीतरी आहे," आणि हशा पुन्हा वाढला.

त्या हशात मावशीच्या मांडीला चिकटून बसलेली एक लहान मुलगी होती. तिची आई जाऊन महिनाही उलटला नव्हता. माहनिसाचा आवाज तूरानचा होता. याच सिनेमाचं डबिंग चालू असताना एका पहाटे तिचं हृदय थांबलं. आणि आता पडद्यावरच्या त्या अंधाऱ्या विहिरीतून मुलीला आई ऐकू येत होती, "मला वर घेऊ नका. इथं बरं आहे मला. ती आली की तिला खाली पाठवा."

ती म्हणजे कोण, हे सिनेमात कुठेच येत नाही. पेपरवाल्यांनी त्यावरूनही टिंगल केली. फरंगीसला मात्र तिथल्या तिथे कळलं होतं, आणि तिचा जीव त्या सिनेमात अडकला तो अडकलाच.

पुढं तिनं कुठूनशी त्याची कॅसेट मिळवली. दरवर्षी आई गेली त्या दिवशी ती हलवा करायची, चार माणसं बोलवायची आणि सिनेमा लावायची. माणसं हलवा खायची, सूर्यफुलाच्या बिया सोलायची, बादली घासायचा प्रसंग आला की एकेकाला घरची आठवण व्हायची. नवरा होता तोवर म्हणायचा, "आली पुन्हा तुझी विहीर." मुलगी तरलान मोठी झाली, यझ्दला शाळेत शिकवायला लागली, तीही फोनवर चिडवायची. अख्ख्या तेहरानात हा सिनेमा आवडणारी फरंगीस एकटीच असेल. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. वाटेकरी नाही म्हणजे सगळा आपलाच, असं तिच्या मनात होतं.

"फक्त शेवट सुधारायचा आहे," कामरान सांगत होता. "आम्ही ओठ वाचून मूळचे शब्द काढलेत. 'पाणी आलं. वर सांगा, पाणी आलं.' केवढा देखणा शेवट, खानम, आणि भलत्याच आवाजानं मातीत गेला."

"तो भलता आवाज माझ्या आईचा आहे."

"म्हणून तर तुम्हाला विचारतोय. त्यांच्यासारखं दुसरं कोण बोलणार?" त्यानं तिच्या पेल्यात चहा ओतला. "तुम्हाला नको असेल तर मी आग्रह नाही करणार. मोझ्गान उद्या यायला तयार आहे."

मोझ्गान म्हणजे शॅम्पूच्या जाहिराती करणारी पोर. आईच्या आवाजावर शॅम्पू. फरंगीसनं पेला बाजूला सारला.

"मी करते. पण जुना आवाज पुसायचा नाही. त्याची नक्कल माझ्या हातात द्यायची."

"चश्म, खानम," कामरान म्हणाला.

वडीलधाऱ्या माणसानं काही सांगितलं की आमच्या तोंडून आपोआप चश्म बाहेर पडतं. डोळ्यांवर घेतलं, असा त्याचा अर्थ. लहानपणी ते इतकं घोटून घेतात की करायचं असो नसो, चश्म आधी निघतं आणि विचार मागाहून येतो.

गेलेल्या माणसाचं रीळ हातात घ्यायचं तर ज्यानं ते करून घेतलं त्याला विचारायचं, ही या धंद्यातली रीत. 'आईविहीर'चं डबिंग अर्दलान आगांनी करून घेतलं होतं. ते अजून होते, थकलेले, डोळे जवळजवळ गेलेले. फरंगीस दुसऱ्याच दिवशी गरम संगक रोटी कागदात गुंडाळून त्यांच्याकडे गेली. हीटरवर संत्र्याची सालं ठेवलेली होती, खोलीभर त्यांचा कडवट वास कोंडला होता.

"सलाम, आगा," ती दारातून म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान झटकन वर केली. "तूरान?"

"फरंगीस आहे मी."

"हो. फरंगीसच. ये, बस."

तिनं सगळं सांगितलं. रोटीचा तुकडा त्यांनी तोडला होता, तो तसाच बोटांत होता.

"तुला कधी सांगणार नव्हतो," ते शेवटी म्हणाले. "शेवटचं रीळ तुझ्या आईनं केलंच नाही, पोरी. बाकी सगळं केलं होतं. तेवढंच राहिलं होतं."

"मग कोणी केलं?"

"ती पहाटे गेली. आम्ही सगळे तुमच्या दारात उभे होतो, तू तुझ्या मावशीच्या ओढणीत तोंड खुपसून बसली होतीस. दुपारी निर्माता मानगुटीवर बसला, प्रिंट पाहिजे म्हणून. मी एकटाच स्टुडिओत गेलो. तेव्हा फिल्मचा तुकडा टोकाला टोक जोडून यंत्रावर फिरत ठेवायचो आम्ही... तेच तोंड, पुन्हा तेच तोंड. दुसऱ्या कोणाला बोलवायचं तर ओळी किती लांब आहेत ते बघत होतो. कसला बघत होतो, रडत बसलो होतो. मायक्रोफोन चालू राहिला होता. खोलीत माणूस नव्हतं." त्यांनी तुकडा ताटलीत ठेवला. "मग टेप ऐकली."

हीटरची ज्योत भकभकत होती.

"टेपवर तुझी आई होती," ते म्हणाले.

फरंगीसच्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर तो भीतीचा नव्हता.

"पुसायला हवं होतं मी. हात होईना. वीस वर्षं एका मायक्रोफोनवर काम केलेलं आम्ही. म्हटलं, हसतील तर हसू देत." ते पुढे झुकले. "तू जाणार असशील तर एक ऐक. कागदावर आहे तेवढंच बोल आणि बाहेर पड. तिला उत्तर देऊ नकोस. बोलावणारं माणूस उत्तराची वाट बघत असतं. आजवर कोणी दिलं नाही, म्हणून सगळं जागच्या जागी आहे."

"माझी आई आहे ती, आगा. ती माझं वाईट कसं करेल?"

"तुझी आई होती. सोन्यासारखी बाई होती." आंधळे डोळे तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला लागले होते. "पण इतकी वर्षं विहिरीत राहिल्यावर माणसाचं काय होतं, ते मला ठाऊक नाही."

परतीच्या टॅक्सीत फरंगीस खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि तिला आनंद झाला होता. बाहेर विरळ बर्फ पडत होता, ड्रायव्हर महागाईला शिव्या घालत होता, आणि ही बाई लग्नाहून परतल्यासारखी मनात हसत होती. आई गेल्यावर बोलली, ती आपल्यासाठी बोलली. एवढं कळल्यावर मागाहून बजावलेलं तिच्या कानाच्या पाळीलाही लागलं नाही.

रेकॉर्डिंग दुपारी ठेवलं होतं. पण स्टुडिओच्या त्या खोलीत दुपार कधी येतच नाही. भिंतींना जाड नमदा, जमिनीवर जुने गालिचे, दार लागलं की रस्ता, गाड्या, अजान, सगळं कापल्यासारखं थांबतं. मग स्वतःच्या रक्ताचा आवाज कानात यायला लागतो. समोर पडदा, पडद्याखाली लाल दिवा. तो लागला की बोललेलं पकडलं जातं, एरवी नाही. काचेपलीकडे कामरान बसला होता.

"आधी जुन्या आवाजासकट फिरवतो, खानम. श्वास पकडा. दिवा मागाहून लावतो."

तिनं हेडफोन चढवले.

तूरान लेकीला मांडीवर घेऊन हे काम करायची आणि शिकवायची, आधी त्या तोंडाशी गप्पा मार. ते बोललं की तू हळूच काहीतरी बोल, ते गप्प झालं की तू गप्प. असं चारदोनदा केलंस की त्याचा श्वास तुझ्यात येतो, मग ओठ आपोआप जुळतात. फरंगीसनं सगळं आयुष्य तसंच काम केलं होतं. परवाच्या कासवाशीसुद्धा ती आधी गप्पा मारूनच बोलली होती.

पडद्यावर विहीर उजळली. वरून उतरणारा मळकट उजेड, दगडांची गोल भिंत, तिच्या तळाशी माहनिसाचा वर वळलेला चेहरा.

मला वर घेऊ नका. इथं बरं आहे मला. ती आली की तिला खाली पाठवा.

चित्र तुटलं, पुन्हा पहिल्यापासून आलं. मला वर घेऊ नका. फरंगीसनं डोळे मिटले. कॅसेटवर हा आवाज खरखरीत होता, इथं तो धुऊन निघाला होता, कानाला ओठ लावून बोलावं इतका जवळ. ती पुटपुटली, "बरी आहेस ना?" चित्र पुन्हा आलं. इथं बरं आहे मला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही.

कितव्यांदा ते तिला सांगता आलं नसतं, पण एकदा तिच्या लक्षात आलं की पायांना गार लागतंय. गालिच्याला ओल्या मातीचा वास येत होता. आणि ओळ संपल्यावरची शांतता दर वेळी थोडी लांबत होती. तुकडा तोच होता, त्याची लांबी बदलायला नको होती. पण माहनिसा बोलून झाल्यावर नुसती वर बघत राहायची... अजून थोडी... अजून थोडी... जणू कोणी दार उघडायला उशीर करतंय.

ती आली की तिला खाली पाठवा.

शांतता. कुठंतरी एक थेंब पडला.

"ये ना गं खाली," आई म्हणाली. "किती वेळ लावतेस."

"चश्म, मामान," फरंगीस म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. विचार मागाहून आला, उत्तर देऊन झाल्यावर.

"काय म्हणालात?" काचेपलीकडून कामराननं विचारलं.

"तू... तू ऐकलंस का? शेवटी काय म्हणाली ती?"

"तिला खाली पाठवा. नेहमीचंच की." तो हसला. "घ्यायचं का आता?"

लाल दिवा लागला. फरंगीसनं कागदावरचं वाचलं, "पाणी आलं. वर सांगा, पाणी आलं." पहिल्याच खेपेला ओठ अक्षर न् अक्षर जुळले. कामरान उठून उभा राहिला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "अगदी तूरान खानम." तिनं मान हलवली. तिला फक्त बाहेर उन्हात जायचं होतं, आणि बाहेर ऊन नव्हतं.

जुन्या आवाजाची नक्कल कामराननं शब्दाप्रमाणे दिली. घरी येऊन तिनं ती लावली. खरखर होती, मध्येच एखादा थेंब पडल्याचा आवाज होता. आई नव्हती. तिनं कॅसेट काढली, इतक्या वर्षांची, हजारदा वाजलेली. माहनिसा तोंड उघडत होती, मिटत होती, आणि विहिरीत कोणी बोलत नव्हतं. फरंगीस गालिच्यावर बसून लहान मुलीसारखी रडली. जिला बोलवायचं होतं तिचं उत्तर मिळालं, आता कशाला कोणी हाक मारेल, असं तिला वाटलं. ते निदान तिला पटण्यासारखं होतं.

मग तिचा आवाज जायला लागला. आधी कोल्हीण जमेना, मग कासव, मग भाजीवाल्याशी बोलताना शब्द अर्ध्यात विरायचे. घशाच्या डॉक्टरनं नळी घालून पाहिलं आणि म्हणाला, "गळा तर तुमचा विशीतल्या मुलीचा आहे, खानम. थोडी विश्रांती घ्या." ती घरी पोचली तेव्हा कुजबुजसुद्धा उरली नव्हती. नुसता वारा.

तरलाननं आईच्या या आजारावर स्वतःच उपाय काढला. ती रोज यझ्दहून फोन करायची, आपणच बोलत राहायची, आणि फरंगीसनं फोनवर नखानं वाजवायचं. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"जेवलीस?" टक. "औषध घेतलंस?" टक. "खोटं बोलतेस." टक टक. "मामान, आयुष्यात पहिल्यांदा मी बोलतेय आणि तू ऐकतेयस, मला तर सवय लागेल याची." असं म्हणून ती हसायची, आणि फरंगीसही आवाज नसलेलं हसायची. पोरीचा तेवढा फोन हाच तिचा दिवस होता.

शुक्रवारी दुपारी टीव्हीवर 'आईविहीर' लागला. सगळा देश जेवून आडवा होतो आणि टीव्हीसमोर पेंगतो, ती वेळ. फरंगीसनं हलवा केला नव्हता, कोणाला बोलावलं नव्हतं. एकटीच बसून तिनं पहिल्यापासून पाहिला. सिनेमा सुंदर दिसत होता. बादली घासायच्या प्रसंगात तिला पूर्वीसारखंच भरून आलं. मग माहनिसा दोराला धरून उतरली, चेहरा वर झाला, आणि फरंगीसनं स्वतःचा आवाज ऐकला.

"मला वर घेऊ नका. इथं बरं आहे मला. ती आली की तिला खाली पाठवा."

हे ती बोलली नव्हती. लाल दिव्यासमोर ती पाण्याबद्दल बोलली होती. आवाज तिचा होता, घशातल्या त्या जराशा घोगरेपणासकट, आणि ओठ जुळत होते. आता हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ती आली की. फरंगीसला आधी वाटलं आपणच, नेहमीसारखं. मग तिच्या ध्यानात आलं, आवाज आईचा होता तेव्हा बोलावणं आईच्या मुलीला होतं. आता आवाज माझा आहे.

फोन वाजला. तरलानचं नाव होतं. फरंगीसनं तो जवळजवळ पाडलाच.

"मामान, ओळख मी कुठे आहे?" पोरगी खुशीत होती. मागे माणसांचा गलका होता, पेले वाजत होते. "तुझ्या सिनेमाच्या गावात. शाळेतल्या दोघींना घेऊन आले गाडी काढून. चहाच्या दुकानात अख्खं गाव टीव्हीसमोर बसलंय, म्हातारे रडतायत, माझा आजा दिसला, माझी शेळी दिसली म्हणून. मामान, पहिल्यांदाच मला आवडला हा सिनेमा. शेवटी तर नाही राहवलं मला. कसली बोललीस गं तू."

फरंगीसनं नखानं वाजवलं, दोनदा. पुन्हा दोनदा.

तिकडे तरलान थांबली. मग तिचा स्वर एकदम मऊ झाला. "अगं... आवाज आला की तुझा."

फरंगीस तोंड उघडून उभी होती. तिच्या घशातून वारासुद्धा निघत नव्हता.

"कधी आला? आज? मला सांगितलं का नाहीस... हो. हो, ऐकू येतंय, अगदी स्वच्छ." ती कोणाचं तरी ऐकत होती. "हो, इथून दिसते ती विहीर. थोडं चालावं लागेल."

टक टक. टक टक. फरंगीसनं फोन टेबलावर आपटला, चमच्यानं टेबल बडवलं.

"टकटक कशाला करतेस आता, बोल की सरळ," तरलान हसत म्हणाली. "बरं, जाते. नाही, त्या दोघी बसल्यात चहा पीत. एकटीच चाललेय." गलका मागे पडला. दगडगोट्यांवर पावलं वाजू लागली.

फरंगीसनं फोन स्पीकरवर टाकला आणि निरोप लिहिला, मी बोलत नाहीये, परत फिर. निरोपापुढं चक्र फिरत राहिलं. वाळवंटातलं गाव, इंटरनेट तिथं पोचतच नव्हतं. ती धावत शेजारच्या दारावर गेली, दोन्ही मुठींनी दार बडवलं. शुक्रवारची दुपार, आत कोणी तरी टीव्हीचा आवाज मोठा केला.

"पोचले," हातातला फोन म्हणाला. तरलानला थोडी धाप लागली होती. "किती जुनी आहे गं. कठडा नाहीये, मामान. खाली काळोख आहे नुसता." मग बराच वेळ ती ऐकत राहिली, मध्येच हं हं करत, लहानपणी गोष्ट ऐकताना करायची तसं. "दोर नाही, पण पायऱ्यांसारखी भोकं आहेत भिंतीत... माझा काय उपयोग तिथे... नाही, घाबरत नाहीये. तू आहेस ना?"

फरंगीस जिन्यात गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही हातांनी फोन तोंडाशी धरून ती ओरडत होती, गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत ओरडत होती, आणि जिना शांत होता.

"चश्म, मामान," तरलान म्हणाली.

कापड दगडाला घासल्याचा आवाज आला. खडे सुटून खाली गेले, आणि ते पाण्यात पडल्याचं ऐकू आलं. मग फार खालून, प्रेमानं, फरंगीसला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"हळू. इथं ओलं आहे."